वेलीच्या सांध्यातलं पाणी

पाण्याची गोष्ट सांगायची तर ती देवगडातच बसून सांगावी. इथे मिरगापासून दसऱ्यापर्यंत आभाळातून तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस उतरतो, म्हणजे तो सगळा अंगणात साचवून ठेवता आला तर पाणी दहा फूट उंच चढेल, आणि तरीही होळी उलटली की सड्यावरच्या घरांतल्या बायका बावीच्या काठावर ओणवून तळ दिसायला लागला का ते बघतात. जांभ्याचा मुलूख हा. दगडाला भोकंच भोकं, पाणी अंगात धरून ठेवायचं त्याला माहीत नाही; जे मुरतं ते खोल निघून जातं आणि जे मुरत नाही ते कातळावरून धावत खाडी गाठतं. म्हणून इथला माणूस कळशी मोजून वापरतो, आणि म्हणूनच दिवाळी झाली, भात घरात आलं, परड्यात वाली, चवळी, पावटा, हल्ली हौसेने फरसबीसुद्धा लावली, की त्यांना पाणी केव्हा घालावं नि किती घालावं यावर एकाच घरात दोन मतं असतात, सासूचं एक नि सुनेचं दुसरं, आणि दोघींचंही बरंचसं खरं असतं.

तर आज या वेलांचंच सांगतो. जरा सावरून बसा, घाई नाही. मांडवाखाली उभं राहून नुसतं बघितलं तर वेल एका जागी रुजलेला, गरीब वाटतो. पण त्याच्या अंगात पाण्यावर चालणारी जी यंत्रं आहेत ती कळली म्हणजे तांब्या रिता करताना आपण नेमकं कशात पाणी भरतो आहोत ते उमगतं.

भर दुपारी परड्यात जाऊन वालीकडे नीट बघा. या कुळातल्या वेलांना एका देठावर तीन पानं असतात, एक पुढे आणि दोन बाजूंना. सकाळी कोवळ्या उन्हात ती तिन्ही पसरलेली असतात, ऊन अंगभर घेत. बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला, की हीच पानं हळूहळू वळतात आणि उन्हाकडे पानाची नुसती धार करून उभी राहतात. पाणी कमी असलं तर जास्तच उभी राहतात. घरातली पोरं हे बघून धावत येतात, "आजोबा, वाली सुकली!" आणि लगेच कळशी उचलतात. त्यांना सांगायचं, "सुकाक नाय रे झिला, ऊन चुकवता ती." पानाला हात लावून बघा. सुकलेलं पान लुळं पडतं, बोटावर घेतलं तर दोन्हीकडून लोंबतं. हे पान ताठ असतं. त्याने ठरवून आपला कोन बदललेला असतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं, पान तापत नाही आणि पाणीही कमी उडून जातं. ऊन उतरलं की पुन्हा पसरतं. खरी तहान ओळखायची ती दुपारी नाही, पहाटे. रात्रभर विसावा घेऊनही सूर्य उगवताना पान लोंबलेलंच असेल, तर मात्र समजावं की मुळाशी काही उरलं नाही.

आता हाडं नाहीत, स्नायू नाहीत, आणि पान वळतं कसं? देठाच्या शेवटाला, पान जिथे जुळतं तिथे, बोटाने चाचपा. जरासा फुगीर, थोडा जाडसर सांधा लागेल. प्रत्येक पानाला असा आपापला सांधा आणि मोठ्या देठाच्या बुडाशी आणखी एक. सगळी करामत तिथे आहे. या सांध्याच्या एका बाजूच्या पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात, त्याच्या मागोमाग पाणी आत शिरतं आणि पेशी फुगतात. त्याच वेळी समोरच्या बाजूच्या पेशी पोटॅशियम सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि त्या सैलावतात. एक बाजू फुगली, दुसरी बसली, की पान वळलंच. आणि हे फुगणं लेचंपेचं नव्हे. टायरमध्ये हवा भरली की तो गाडीचा भार उचलतो तसं हे आहे, फक्त इथे हवेच्या जागी पाणी आणि दाब मोटारीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त. झाडाच्या जिवंत पेशीत हवेच्या दाबाच्या चार-पाच पट दाब असणं ही रोजची गोष्ट आहे. तुम्ही बुडाशी घातलेलं पाणी हे असं वर जाऊन पान फिरवतं.

रात्री आणखी एक गंमत होते. सूर्य मावळला की हीच पानं खाली मान घालतात, आणि पहाट व्हायच्या आधीच पुन्हा वर यायला लागतात. आपली चिंचही अशीच झोपते, पानं मिटून. हे माणसाने फार पूर्वी टिपून ठेवलंय. शिकंदराच्या आरमारात अँड्रोस्थेनिस नावाचा एक ग्रीक होता; आज ज्याला आपण बहरीन म्हणतो त्या बेटावर त्याने रात्री पानं मिटणारं झाड पाहिलं आणि लिहून ठेवलं, आणि ते चिंचेचं होतं असं जाणकार मानतात. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून जुनी नोंद ही. पुढे 1729 साली फ्रान्समधल्या द मेराँ नावाच्या माणसाला वाटलं, की सूर्य मावळतो म्हणून पानं मिटतात की त्यांना आतूनच वेळ कळते? त्याने लाजाळूच्या जातीचं झाड अंधाऱ्या कोठडीत ठेवलं. पानं तिथेही वेळेवर मिटली नि वेळेवर उघडली.

यानंतरची जी गोष्ट आहे ती मला सगळ्यांत आवडते, कारण ती घेवड्याच्या कुळाची आहे आणि तिचा सगळा उलगडा पाणी घालण्यात आहे.

शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत हँबुर्गला रोझ स्टोप्पेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी घेवड्याची रोपं अंधाऱ्या खोलीत ठेवली. गरमी-थंडी बदलू द्यायची नाही, उजेड आत शिरू द्यायचा नाही, असा कडक बंदोबस्त. तरीही रोपांची पानं रोज पहाटे तीन-चारच्या सुमाराला बरोबर एकाच ठरावीक स्थितीत येत. आता खोलीत सूर्य नाही, थंडी-ऊन नाही, मग या रोपांना वेळ सांगतो कोण? बाईंनी अंदाज बांधला की हवेतली वीज, किंवा असंच काहीतरी आपल्याला न दिसणारं, भिंतीतून आरपार येत असणार. ही बातमी फ्रँकफुर्टला पोहोचली. तिथे एर्विन ब्यूनिंग आणि कुर्ट श्टेर्न या दोघा जणांनी तोच प्रयोग करून बघायचं ठरवलं. जागा कुठली, तर श्टेर्नच्या घरातलं बटाटे ठेवायचं तळघर. पानं तिथेही हलली, रोज ठरावीक वेळेलाच हलली, पण गंमत अशी की ती वेळ बाईंची पहाटेची नव्हती. इथे तीच स्थिती कितीतरी तास उशिरा, सकाळी चांगलं उजाडल्यावर येई. हवेतली वीज हँबुर्गला एक नि फ्रँकफुर्टला दुसरी वेळ कशी दाखवील?

दोघं विचार करत बसले, आणि अखेर गाठ सुटली ती पाण्यापाशी. रोपं म्हटली की त्यांना रोज पाणी घालायला माणूस जाणारच. बाई जायच्या सकाळी. तळघर गैरसोयीचं, म्हणून हे दोघे जायचे दुपारनंतर. आणि जाताना अंधारात धडपडायला नको म्हणून हातात लाल दिवा असे, कारण लाल उजेडाचा रोपांवर काहीच परिणाम होत नाही अशी त्या काळी सगळ्यांची पक्की समजूत होती. तो मिणमिणता लाल दिवाच रोपांच्या आतलं घड्याळ लावत होता! पाणी घालणाऱ्याची चाहूल हीच त्यांची सकाळ. मग त्यांनी लाल दिवाही बंद केला, आणि त्याबरोबर तो ठरावीकपणा मोडला. पानं हलत राहिली, पण आता त्यांचा दिवस चोवीस तासांपेक्षा जरा लांब झाला आणि रोज थोडाथोडा पुढे सरकत गेला. म्हणजे बाहेरून कोणी वेळ सांगत नव्हतंच, घड्याळ रोपाच्या आतच होतं आणि बाहेरचा उजेड ते फक्त जुळवून देत होता. हे 1930 सालचं. पुढे ब्यूनिंगने 23 तासांचा दिवस पाळणारा घेवडा आणि 26 तासांचा दिवस पाळणारा घेवडा यांचा संकर केला, तर पिल्लांचा दिवस मधलाच कुठला तरी निघाला. म्हणजे हे घड्याळ आई-बापाकडून येतं. आज माणसाची झोप, रात्रपाळी, विमानप्रवासातली गुंगी यांवर जे एवढं मोठं शास्त्र उभं आहे, त्याच्या पायाच्या दगडांत हा बटाट्याच्या तळघरातला घेवडा आहे.

असो. आता वेलाच्या शेंड्याकडे येऊ. परड्यात वाली दोन पानांवर आली की तिला काठी देतात, कोणी वेळूची शिरडी रोवतो, कोणी सुंभ बांधून मांडवाला नेतो. शेंडा मोकळा असतो तेव्हा तो नुसता वर जात नाही, हवेत गोल फिरत आधार शोधत असतो. डोळ्यांना दिसत नाही इतकं हळू, पण शेंड्याच्या रेषेत समोरच्या चौकटीवर खूण करून ठेवा, जेवून या आणि बघा, शेंडा दुसऱ्याच दिशेला गेलेला असेल. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेला असताना त्याने हॉप नावाच्या वेलाची कुंडी आत आणवून रात्रंदिवस त्याच्या फेऱ्या मोजल्या, आणि घेवड्याच्याही मोजल्या. चांगल्या उबेत घेवड्याचा शेंडा दोन तासांत एक फेरा पुरा करतो. 1865 साली त्याने हे सगळं छापलं. आणि फिरवतं कोण? पुन्हा पाणीच. शेंड्याखालच्या खोडाची एकेक बाजू पाळीपाळीने पाणी घेऊन जास्त लांबते, शेंडा विरुद्ध बाजूला झुकतो, मग पुढची बाजू लांबते. काठी लागली की फिरणं तिथेच अडतं आणि त्याचा वेढा होतो. पाणी तोडलं, खोड लुळं पडलं, की शोधही थांबतो.

घेवडा, वाली, चवळी, पावटा यांचा वेढा वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चढतो. पोरं कधी कधी प्रेमाने वेल धरून काठीला उलटा गुंडाळून ठेवतात. दुसऱ्या दिवशी शेंडा त्यातून सुटून आपल्याच बाजूने निघालेला असतो. त्याला वळण लावता येत नाही. जगातले बहुतेक वेल याच बाजूचे, पण सगळे नाहीत. आपल्या करांद्याच्या कुळात तर काही जाती एका बाजूने चढतात नि काही दुसऱ्या बाजूने, आणि जाणकार माणूस पान न बघता नुसत्या वेढ्यावरून जात सांगतो.

काठीवरून वेल घसरत का नाही, तर घेवड्याच्या पानाला नि खोडाला हात लावा, जरा चिकटल्याचा भास होतो. तिथे बारीक आकड्यांची लव असते. हे आकडे युरोपातल्या बाल्कन मुलखातल्या बायकांना फार उपयोगी पडत. घरात ढेकूण झाले की रात्री जमिनीवर घेवड्याची पानं अंथरायची, अंधारात निघालेले ढेकूण त्यांत पाय अडकून पडायचे, आणि सकाळी पानं गोळा करून जाळून टाकायची. 2013 साली शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर आकडा ढेकणाच्या पायाच्या सांध्यात आरपार रुतलेला. तसलाच आकडा प्लास्टिकचा करून पाहिला, त्याला मात्र ढेकूण दाद देईना. घेवड्याने केलेलं माणसाला जमलं नाही.

पण आपण पाण्यावर होतो. वेलाला घातलेल्या पाण्यातलं शंभरातल्या पंचाण्णव भागांहून जास्त पाणी पानांवाटे हवेत उडून जातं, हे ऐकून आजीला फार वाईट वाटतं, आणि वाटणारच, जिने बावीतून ते ओढून काढलं तिला. कोरडं करून वजन केलेल्या एका ग्रॅम झाडोऱ्यामागे अर्धा लिटरभर तरी पाणी असंच जातं. पण ते वाया जात नाही. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असतो, त्यासाठी पानाची बारीक तोंडं उघडी ठेवावी लागतात, आणि तोंड उघडं म्हटलं की ओल बाहेर जाणारच. ती जाता जाता पानाला गार ठेवते, आणि मागून मुळापासून नवं पाणी, त्यात विरघळलेल्या क्षारांसकट, वर खेचून आणते. उन्हाचा ओढा वरून, पाण्याचा धागा खालपर्यंत न तुटलेला. हे 1894 साली डिक्सन आणि जोली या आयर्लंडमधल्या दोघांनी मांडलं.

खाली मुळात तर आणखी नवल आहे. वालीचं एखादं रोप अलगद उपटून बघा. मुळांवर मोहरीएवढ्या, कधी त्याहून मोठ्या गाठी दिसतील. रोग नव्हे तो. रायझोबियम जातीचे जिवाणू तिथे राहतात, हवेतला नायट्रोजन पकडून वेलाला देतात, आणि बदल्यात वेल त्यांना साखर देतो. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी 1880 नंतरच्या दशकात हे सिद्ध केलं. त्यातली एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी, कधी लालसर निघेल. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनचा हा भाऊबंद, लेगहिमोग्लोबिन त्याचं नाव. या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन तर हवा, पण मोकळा ऑक्सिजन त्यांचं नायट्रोजन पकडायचं यंत्र बिघडवतो. म्हणून हे लाल द्रव्य ऑक्सिजन पकडून मोजून-मापून त्यांच्यापर्यंत पोहोचवतं. झाडाच्या मुळात रक्ताचा नातेवाईक! आणि इथेच पाण्याचा हात आवरता घ्यावा लागतो. आळं तुडुंब भरून ठेवलं, मातीतली हवा पाण्याने हाकलली, की गाठी गुदमरतात, गुलाबी रंग जातो, वेल पिवळा पडतो. आणि पिवळा दिसला म्हणून माणूस आणखी पाणी ओततो. सासूचं "कमी घाल" म्हणणं खरं ते इथे. अगदी कोरडं ठेवलं तरी गाठी काम थांबवतात, म्हणून सूनही खरीच.

मग करायचं काय? आळं खोडाला चिकटून करू नये, वीतभर लांब गोल करावं, म्हणजे खोड कुजत नाही. आळ्यात आंब्याचा, फणसाचा पातेरा चार बोटं जाड पसरावा. जांभ्याच्या मातीत पातेऱ्यासारखा ओल राखणारा दुसरा नाही, आणि आपल्याकडे तो फुकट. पाणी सकाळी, मुळाशी, सावकाश. संध्याकाळी पानांवर शिंतडून रात्रभर ओली ठेवली की तांबेऱ्याला आमंत्रण. आणि वेल फुलावर आला की मात्र पाण्याची आबाळ करू नये. त्या आठवड्यांत तहान लागली की वेल आधी फुलं टाकतो. स्वतः जगायचं म्हणून पोरं सोडतो.

खाडीकाठच्या वाड्यांवर वेगळी अडचण असते, उन्हाळ्यात बावीचं पाणी मचूळ होतं. मिठाच्या पाण्यातून ओल ओढून घ्यायला मुळांना जास्त जोर लागतो, आणि घेवडा-फरसबी या बाबतीत फार नाजूक. पिकांमधल्या सगळ्यांत हळव्यांत तिची गणना. जे मचूळ पाणी फरसबीची पानं कडेने करपवतं तेच चवळी पुष्कळ सोसते. तेव्हा खाडीला लागून घर असेल तर चैत्राकडे चवळीच लावावी, आणि न्हाणीचं साबणाचं पाणी दोघींनाही न घालता केळीला सोडावं.

ज्याला रोज वेळ नाही त्याच्यासाठी मडकं आहे. न भाजलेलं नव्हे, भाजलेलंच, पण झिलई न दिलेलं. गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं, आणि भोवताली वेल लावायचे. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली झाली की ओढ संपते आणि झिरपणं आपोआप मंदावतं. मातीच स्वतःला हवं तेवढं मागून घेते. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या फान शेंगझी याच्या शेतीच्या पोथीत वेलांसाठी हीच युक्ती सांगितलेली आहे.

आणि ज्यांना पाणी घालावंच लागत नाही असेही भाऊबंद याच कुळात आहेत. भात कापून झालं की मळ्यात उरलेल्या ओलीवर आपल्याकडे कुळीथ टाकतात, आणि तिकडे वर रायगडात कडवे वाल. ना पाट, ना कळशी. मातीच्या पोटात जे उरलं त्याचा माग काढत मुळं खोल उतरतात. अलिबागकडे थंडीत त्याच वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी करतात, आणि आपल्याकडे कुळथाची पिठी. सिंचनावाचून आलेली ही दोन्ही पोटभर जेवणं.

शेवटी बियाणं. पुढच्या सालासाठी ठेवायच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्या, त्या वेलाचं पाणी तोडावं, आणि दाणे राखेत घोळवून ठेवावे. दाण्याच्या कुशीत जो पांढरा डोळा दिसतो, शेंगेला दाणा जिथे जोडलेला होता तो, त्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेरल्यावर पाणी आत शिरायची ती एक मोठी वाट. वाळलेला दाणा पाण्यात बुडवला की तो इतक्या झपाट्याने पाणी ओढतो की आतल्या कोवळ्या पेशी फाटतात, म्हणून दाणे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नयेत, पेरून झाल्यावर वर घागरी ओतू नयेत. आदल्या दिवशी आळं भिजवून ठेवावं, दुसऱ्या दिवशी त्या ओल्या मातीत दोन बोटं खोल दाणा टोचावा, वर पातेरा घालावा, आणि कोंब माती फोडून वर येईपर्यंत कळशीला हात लावू नये.